साखळीचे दुसरे टोक

आमच्या शेजारच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या अंगणात, एक सिमेंटचा खांब आहे. प्लॉट पाडून वसलेल्या या ले-आउटमध्ये मी राहायला आले तेव्हा त्या खांबाला एक साखळी होती आणि साखळीच्या टोकाला एक कुत्रा होता. पुढे खांब तोच राहिला, साखळी तीच राहिली, कुत्रा मात्र बदलत गेला. त्या बदलाचे कारण मी विचारले, उत्तर मिळाले, आणि ते उत्तर मला मान्य झाले नाही. घडले ते एवढेच. पण एवढेही नीट क्रमाने सांगायला हवे, कारण आमच्या ले-आउटमध्ये ते शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितले जाते.

गोंडपिपरी तालुक्यातल्या शाळांमधून गणित आणि भूगोल शिकवून मी निवृत्त झाले. मग आम्ही दोघांनी चंद्रपूरच्या या कडेला घर बांधले. आमची ओळ शेवटची. कुंपणापलीकडे नाला आहे आणि नाल्यापलीकडे झुडपी जंगल. ते पुढे मोठ्या जंगलाला कुठे मिळते हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. जमिनीवर तशी रेघ नाही. बिबट्यालाही ती दिसत नसावी. तो येतो. इथे त्याचे कोणाला नवल वाटत नाही. रात्री लाइट गेली होती हे ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात सकाळी नळावर सांगतात, "काल आलता."

शेजारचे गृहस्थ खाणीतल्या गाडीवर चालक होते. आता घरीच असतात आणि बकऱ्या पाळतात; खरे सांगायचे तर बकऱ्या त्यांची बायको पाळते आणि ते बकऱ्यांविषयी बोलतात. सांदवाडीच्या एका बाजूला बकऱ्यांचा कोठा आहे. कोठ्याला बांबूच्या तट्ट्यांची भिंत आहे आणि त्या वेळी वर नुसत्या फांद्या आणि बाजारातली हिरवी नेट टाकलेली होती. कोठ्याच्या पुढे, नाल्याच्या बाजूला, तो खांब.

पहिल्या वर्षी एका सकाळी खांबाशी नुसती साखळी दिसली. टोकाला तुटलेला पट्टा होता. शेजारच्या वहिनींनी साखळी नळाखाली धुतली आणि कुंपणावर वाळत घातली. आठवडा उलटायच्या आत दुसरे पिल्लू आणून तिथे बांधले गेले. मी कुंपणाशी जाऊन विचारले.

"बिबट आला का पह्यले कुत्र्यावर पडते, बाई," वहिनी म्हणाल्या. "मंग तो बकऱ्याइकडे पाहात नाई."

"म्हणजे हा राखणीला नाही?"

"राखणीलेच तं हाय."

"याचे नाव काय?"

"नाव नाई ठेवत जी आमी. नाव ठेवलं का जीव लागते."

त्या हे सारे बकरीच्या अंगावरचे गोचीड काढता काढता सांगत होत्या, आणि त्यांच्या आवाजात निर्दयपणा अजिबात नव्हता. हे मी मुद्दाम नोंदवते. निर्दय माणसाशी भांडणे सोपे असते. इथे भांडण होते ते एका पद्धतीशी. ती पद्धत आमच्या ओळीतल्या आणखी घरांतही होती आणि तिच्यामागे हिशेब होता: बकरी दूध देते, पिल्ले देते, कुत्रा रस्त्यावर मिळतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून खांबाभोवतीची जमीन मला रोज दिसे. कुत्र्याच्या पायांनी तिथे एक वर्तुळ आखले गेले होते. गणिताच्या शिक्षिकेलाही खोट काढता येऊ नये इतके ते बिनचूक होते. मध्यबिंदूला खांब, आणि त्रिज्या साखळीएवढी. आत गवताची काडी नव्हती, बाहेर तरोट्याचे तण माजलेले होते. पाण्याचे भांडे वर्तुळाच्या अगदी काठावर होते आणि सावली वर्तुळाच्या बाहेर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लोखंडाला हात लावून पाहावा, मग साखळी म्हणजे काय ते कळते. तो कुत्रा सूर्य फिरेल तसा खांबाच्या सावलीच्या पट्टीबरोबर फिरे आणि त्या बोटभर सावलीत फक्त आपले तोंड ठेवी.

पुढे तोही गेला. नंतर आणखी एक आला. ज्याच्यामुळे हे सारे झाले तो हाच: पिवळसर रंगाचा, एक कान दुमडलेला. मी खिडकीत आले की तो उगाच खाली बसे, जणू हजेरी चालू आहे.

थंडी सुरू होत होती. नाल्याच्या ओल्या रेतीत पंजे उमटलेले सापडले आणि ले-आउटमध्ये जो तो आपापल्या परीने तयारी करू लागला. आयांनी अंधारायच्या आत पोरे घरात बोलवायला सुरुवात केली. कोणी मागच्या दारावर दिवा लावला. शेजाऱ्यांनी सांदवाडीत जाऊन साखळी दोनदा ओढून पाहिली, ती पक्की आहे ना म्हणून. ते पाहिल्यावर मी गॅस बंद केला आणि त्यांच्या फाटकाशी गेले.

"भाऊ, संध्याकाळपासून कुत्रा मी माझ्या घरात ठेवते."

त्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "काऊन जी मॅडम? त्यानं तुमच्याकडे अर्ज देल्ला का?"

"बिबट त्याला नेईल."

"त्याच्यासाठीच तं बांधला."

"म्हणूनच मी नेते म्हणाले."

"मंग बकऱ्याइचं कसं? तुमी पोट्ट्याइले शिकवलं, आता बकऱ्याइले शिकवा. बिबट आला का हात वर करा म्हना."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. विनोद चांगला होता आणि मी तसे सांगितलेही. मग माझे पहिले वाक्य पुन्हा म्हटले. वर्ग हसू लागला तर हसू संपू द्यावे आणि फळ्यावरचे गणित जिथे थांबले होते तिथूनच पुढे न्यावे, ही सवय मला नोकरीने लावली आहे. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ते कंटाळले.

"न्या मंग. घरात घाण केली का उद्या तुमीच वापस आणसान. अन् साखळी नका हरवजा, जुनी हाय."

साखळी पट्ट्याला तारेने पिळून बांधलेली होती, त्यामुळे ती कुत्र्याबरोबरच आमच्या घरी आली. माझे पती वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी कुत्र्याकडे पाहिले, साखळीकडे पाहिले आणि पाय खुर्चीवर घेतले.

"शाळा सुटली, तरी तुह्या वर्गात भरती सुरूच हाय," ते म्हणाले.

पक्कड घेऊन तार मात्र त्यांनीच सोडवली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून चांगला रुंद पट्टा आणि चार हात लांबीची सुती दोरी आणली आणि त्याला फिरायला काढले. तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी मी कल्पनेने कधीच लिहू शकले नसते. त्याला सरळ चालता येत नव्हते. दोरी ताणली जाईपर्यंत तो लांब जाई आणि मग माझ्याभोवती फिरू लागे. मी एक पाऊल पुढे टाकले की तो पुन्हा नवे वर्तुळ सुरू करी. त्याच्या साऱ्या आयुष्यात दोरीच्या दुसऱ्या टोकाला खांबच होता. त्याच्या लेखी मीही खांबच होते. खांब चालतो, हे त्याला माहीत नव्हते.

मी त्याला सरळ रेघ शिकवली. पद्धत साधी आहे आणि कोणालाही जमेल. कुत्रा वळू लागला की ओढायचे नाही, थांबायचे. त्याने मागे वळून पाहिले की पुढे निघायचे. पोळीचा तुकडा आपल्या पुढच्या पावलाशी टाकायचा, मागे नाही. दोरी हातात सैल ठेवायची, इतकी की मधे झोळ पडेल. ताणलेली दोरी कुत्र्याला फक्त एकच गोष्ट सांगते, की तू बांधलेला आहेस. सैल दोरी सांगते की पलीकडे कोणी आहे. काही दिवसांनी आम्ही बुद्धविहारापर्यंत सरळ जाऊ लागलो.

कुत्रा शिकला. माणसांना शिकवायला अधिक वेळ लागला, आणि अजून सगळी उत्तीर्ण झालेली नाहीत.

तिसऱ्या ओळीत एका साहेबांकडे परदेशी जातीचा मोठा कुत्रा आहे. तो पट्ट्याने नोकराला ओढत नेतो. त्याच्यासाठी लोक रस्त्याच्या कडेला होतात आणि मुलांना सांगतात, "काई नाई करत तो, चांगल्या जातीचा हाय." माझा कुत्रा दिसला की तीच माणसे "हाड" म्हणत. नुसते म्हणत नसत, पाय आपटत. मोटारसायकलवाले जवळ येऊन हॉर्न दाबत, तो दचकतो हे पाहायला. एकाने दगड उचलला. दोरीला बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून दगड मारणाऱ्याला नेम धरायची गरज नसते, एवढा हिशेब त्याने केलेला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटले, "मला मारा. मलाही पळता येत नाही." त्याने दगड टाकला.

"गावठीले पट्टा," नळावरची एक बाई मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज साऱ्या ओळीला पुरतो. "उद्या शेरवानी शिवसान."

"माप घेऊन ठेवले आहे," मी म्हणाले. नळावरच्या बायका हसल्या, तीही हसली, आणि दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच म्हटले.

चांगल्या जातीचा आणि गावठी. कोणाला कोणत्या ओळीत बसवायचे हे जन्मावरून ठरवणाऱ्या वर्गाशी माझ्या घराण्याची जुनी ओळख आहे. आजोबांना शाळेत दाराबाहेर बसवत. दीक्षा घेतल्यावर ते दारातून आत शिरले आणि मला पहिल्या बाकावर बसवूनच थांबले. कुत्र्याची आणि माणसाची तुलना मी करत नाही. ती करणाऱ्यांना मी ओळखते, म्हणून तो शब्द ऐकला की माझी मान आपोआप ताठ होते, एवढेच.

मुलांचे मात्र लवकर जमले. विहाराच्या पायऱ्यांवर मी त्यांना रीतसर शिकवले. बांधलेला कुत्रा समोर आला तर पळू नका; तुम्ही धावलात की त्यालाही धावावेसे वाटते आणि दोरी त्याला धावू देत नाही, मग तो चिडतो. पाय आपटू नका. त्याच्या डोळ्यांत टक लावून पाहू नका. ज्याच्या हातात दोरी आहे त्याला आधी विचारा. हात लावायचा तर डोक्यावरून नको, मूठ मिटून नाकाखाली धरा. वास घेणे हे त्याचे वाचन आहे, ते पुरे होऊ द्या. मुले रांगेत आली आणि प्रत्येकाने मूठ पुढे केली. कुत्र्याने प्रत्येकाचे वाचन केले.

शेजाऱ्यांनी त्या काळात कुत्रा परत मागितला नाही. खांब रिकामा होता, बकऱ्या ठीक होत्या, आणि फाटकाशी भेटले की ते विचारत, "काय म्हनते आमचा इद्यार्थी?" मला वाटू लागले होते की प्रश्न सुटला.

मग एका सकाळी आमचे फाटक जोराने वाजले. बाहेर शेजारी, नळावरची बाई आणि ओळीतली आणखी काही माणसे उभी होती. शेजाऱ्यांच्या गालात त्या दिवशी खर्रा नव्हता.

"बकरी नेली," ते म्हणाले. "कुत्रं द्या."

मी आधी सांदवाडीत गेले. कोठ्यावरची नेट एका बाजूने फाटून आत लोंबत होती. तट्ट्याची भिंत जागेवर होती, दाराची कडी लागलेली होती. बिबट्या वरून उतरला होता आणि वरूनच गेला होता. वहिनी उकिडव्या बसल्या होत्या. मांडीवर त्या बकरीचे पिल्लू होते आणि ते त्यांची बोटे चोखत होते.

"माही दुधाची बकरी गेली, बाई," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. "अन् माहं कुत्रं तुमच्या घरात निजून होतं."

कुत्रा खांबाला असता तर बहुतेक कुत्रा गेला असता आणि बकरी वाचली असती. त्या रात्रीपुरता त्यांचा हिशेब बरोबर होता. मी तसे मोठ्याने सांगितले. मी नाकारीन अशी जमलेल्यांची खात्री होती.

"मंग कबूल हाय ना," शेजारी म्हणाले. "आणा कुत्रं. आज संध्याकाळीच बांधतो. तो उद्या पुन्हा येते, चव लागली त्याले."

"कुत्रा मिळणार नाही."

"काऊन?"

"तुम्ही त्याला मारायला बांधता म्हणून."

"कुत्रं माहं हाय, मॅडम."

"होते. त्याला खायला घातले मी, चालायला शिकवले मी, आणि त्याच्यासाठी शिव्या खातेय तीही मीच."

नळावरची बाई पुढे झाली. "मॅडम, आज बकरी नेली, उद्या लेकरू नेलं तं? तुमाले लेकरापक्षा कुत्रं मोठं झालं का?"

प्रश्न खरा होता. तिचा नातू अंगणात खेळतो आणि अंगणाला भिंत नाही. अशा प्रश्नाला रागाने उत्तर देऊ नये, म्हणून मी कोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि सावकाश बोलले.

"मागे एक कुत्रा गेला. त्याच्यानंतर दुसरा गेला. या ओळीत आणखी घरांतून गेले. बिबट्या दर वेळी कुठे आला? इथेच. त्याला ही वाट कोणी दाखवली? नाला ओलांडला की खांबाला जेवण बांधलेले असते, पळत नाही, लपत नाही. आपण म्हणतो कुत्रा राखण करतो. भाऊ, ही राखण नाही, ही खानावळ आहे. काल तो जेवायला आला, ताट मांडलेले नव्हते, म्हणून त्याने आत पाहिले. आज पुन्हा ताट मांडले तर तो उद्याही येईल आणि परवाही, आणि नातू याच ओळीतल्या अंगणात खेळणार आहे."

कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. शेजाऱ्यांचा चेहरा लाल झाला. वर्षानुवर्षे सांभाळलेल्या कोठ्याला चारचौघांत खानावळ म्हटलेले कोणाला आवडेल?

"शिकवू नका," ते म्हणाले. "लय शिकवलं तुमी. कुत्रं द्याचं का नाई?"

"नाही."

"मंग आमाले पाहा लागन."

"पाहा," मी म्हणाले. "मी घरीच आहे."

वनखात्याची माणसे आली, पंचनामा झाला. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बैठक भरली. मला बोलावलेले नव्हते. मी कुत्र्याला घेऊन नेहमीच्या वेळी नेहमीच्या वाटेने गेले आणि ओट्याशी थांबले. चर्चेचा विषय माझ्या पायाशी बसला. टेम्पोतून कुत्रा बल्लारपूरच्या रस्त्याला सोडून यावा, असे ठरत होते. कुत्राच ले-आउटमध्ये नको, म्हणजे कोणाचाच वाद नको, असे एक समंजस माणूस समंजस आवाजात सांगत होता.

"तिसऱ्या ओळीतला कुत्राही त्याच टेम्पोत न्यायचा का?" मी विचारले.

"तो साहेबाचा हाय जी."

"हा माझा आहे. आजपासून लायसन्स, लस, जे असेल ते माझ्या नावाने."

"तुमी हट्ट करून राह्यल्या, मॅडम."

"हो. टेम्पो आणा. दोरी माझ्या हातात असेल आणि मी हात सोडणार नाही. मग मलाही बल्लारपूरला सोडून या. तिथे माझी भाची असते, चहा मिळेल."

टेम्पो आला नाही. पण ज्याला वाळीत टाकणे म्हणतात, त्याची सौम्य आवृत्ती सुरू झाली. नळावर माझी बादली आपोआप शेवटी जाऊ लागली. हळदीकुंकवाच्या बोलावण्यांपैकी निम्मी बंद झाली, आणि मी तशीही जात नसे. दुधवाल्याने आमच्या दारात बोलणे कमी केले. मी फिरण्याची वेळ बदलली नाही, वाट बदलली नाही आणि कुत्र्याला कडेने नेले नाही. रस्त्याच्या मधून नेले. माझे पती आधी घरात थांबत. त्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी चपला घातल्या आणि सोबत आले. कुत्र्याच्या दुसऱ्या बाजूने चालले, पाय जरा जपून टाकत.

दोन-चार दिवसांनी शेजाऱ्यांनी नवे पिल्लू आणले. काळे, पांढऱ्या पंज्यांचे, अजून आईच्या आठवणीने कुंई-कुंई करणारे. साखळी माझ्याकडे होती, म्हणून त्यांनी नायलॉनच्या दोरीने ते खांबाला बांधले. दुपार होती. ओळीतली माणसे अंगणात ऊन खात बसलेली होती. सर्वांच्या देखत ते बांधले गेले, आणि ते मला उत्तर होते.

मी सर्वांच्या देखत सांदवाडीत गेले, गाठ सोडली आणि पिल्लू काखेत घेतले.

शेजारी ओट्यावरून उठले. "हेबी नेता?"

"हेही नेते. पुढचे आणाल तेही नेईन. घर मोठे आहे आणि आम्ही दोघेच आहोत. रस्त्यावरचे कुत्रे संपेपर्यंत आणत राहा. मी कुत्रा चोरला अशी तक्रार करायची असेल तर मी स्वतः बरोबर येते. तिथे आपण दोघे मिळून सांगू, की कुत्रा कशासाठी बांधला होता."

शेजाऱ्यांचा बांध फुटला, पण भलत्याच दिशेला.

"मंग मी बांधू काय इथी? सासऱ्याले?"

"माह्या बापाचं नाव घ्याचं काम नाई," कोठ्यातून वहिनींचा आवाज आला. गेलेल्या बकरीच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजता पाजता त्या बाहेर आल्या. "बांधाचंच असन तं कोठ्यावर जाळी बांधा. बकरी गेली तवाधरून सांगून राह्यली मी. नुस्ते कुत्रे आणता रस्त्यावरून, जाळी नाई आणत."

"तू बी मॅडमच्याच शाळेत नाव टाकलं का?"

"शाळा कायची? वरून उतरला तो. दिसते ना डोळ्यानं. दहा कुत्रे बांधा, वरून उघडंच राह्यते."

मी पिल्लू घेऊन घरी आले. या वादात मला आणखी काही बोलण्याची गरज नव्हती, आणि ज्यांची बकरी गेली होती त्यांच्या तोंडून जे आले त्यावर मी माझा शिक्का मारायला जाणे शोभले नसते.

जाळी आली. वेल्डिंगची, जाड तारेची. शेजाऱ्यांनी ती रागारागाने बसवली. हातोड्याचा प्रत्येक ठोका आमच्या खिडकीला ऐकू यावा असा होता. एक बाजू धरायला माणूस कमी पडत होता, तेव्हा माझे पती कुंपण ओलांडून गेले आणि कोणी बोलावले नसताना जाळीचे टोक धरून उभे राहिले. संध्याकाळी हात धुताना यांनी एवढेच सांगितले, "मजबूत बसली."

त्यानंतर बिबट्या आलेला आहे. नाल्याच्या रेतीत पंजे दिसतात, एकदा जाळीवर केस अडकलेले सापडले. बकऱ्या आत होत्या आणि आतच राहिल्या. म्हणून शेजाऱ्यांनी माझे म्हणणे मान्य केले, असे मात्र कोणी समजू नये. ते सर्वांना सांगतात की जाळी बायकोच्या हट्टाने बसवली आणि मॅडमने दोन कुत्रे उचलून नेले. दोन्ही विधाने खरी आहेत. मी दुरुस्ती करत नाही. ओळीतल्या इतर घरांतले खांब अजून मोकळे झालेले नाहीत. त्यांच्या फाटकांशी मी जाते, तेच वाक्य म्हणते, हसू संपू देते आणि पुन्हा म्हणते.

साखळी मी परत केली नाही. ते मागतात, मी देत नाही. ती आमच्या पडवीत खिळ्याला टांगलेली आहे.

आता सकाळी माझ्या हातात दोन दोऱ्या असतात. दोघांनाही नावे आहेत. ती मी इथे लिहीत नाही. हाक मारली की येतात, तेवढे पुरे. काळा जन्मापासून सरळ चालतो, कारण त्याच्या दोरीला खांब जेमतेम एका दुपारपुरता लागला. पिवळा मात्र अजून एका जागी वाकडा होतो. शेजाऱ्यांच्या कुंपणाशी आलो की तो खांबाच्या बाजूने न जाता माझ्या मागून वळसा घेतो आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा पुढे येतो. त्याने वळसा घेतला की मी थांबते. दोरी सैल ठेवते. तो पुढे आला की निघते.

परवा शेजारी ओट्यावर बसून खर्रा घोटत होते. त्यांनी हे पाहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "खांब रिकामा हाय बरं आमचा."

"रिकामाच राहू द्या," मी म्हणाले, आणि आम्ही तिघे रस्त्याच्या मधून पुढे गेलो.